यंत्रानें काय विसरावें ?

आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही नेहमीं लक्षांत ठेवण्याचा उपदेश करतों. पाढे लक्षांत ठेवा, सनावळी लक्षांत ठेवा, वडीलधाऱ्यांचे निरोप लक्षांत ठेवा, हें आमचें रोजचेंच सांगणें. आज मात्र आम्ही अगदीं उलट विषय घेऊन वाचकांपुढें येत आहों. काय विसरावें, केव्हां विसरावें, आणि योग्य वेळीं न विसरल्यास काय अनर्थ होतो, हें या लेखांत सांगावयाचें आहे. ज्याच्याविषयीं हें सांगावयाचें तो कोणी मुलगा नसून संगणकांत चालणारें एक यंत्र आहे. परंतु त्याच्या अडचणी पाहतां तें आपल्यांतलेंच आहे असें वाचकांस वाटल्यावांचून राहणार नाहीं.

आरंभीं आमचीच एक चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं एका मंगळवारीं सकाळीं एका मुलानें आमच्या टेबलावर एक चिठ्ठी आणून ठेवली. त्याच्या शेजारीं राहणाऱ्या, आमच्याच वर्गांतील एका मुलाच्या आईनें ती लिहिली होती. मजकूर एवढाच कीं, आज मधल्या सुट्टींत मुलास घरीं सोडावें, त्याचे मामा फाटकाशीं न्यावयास येतील. आम्हीं त्या मुलास दप्तर घेऊन फाटकाकडे पाठविलें आणि पुढच्या तासास लागलों. खरी हकीकत अशी होती कीं, चिठ्ठी सोमवारची होती. आणणाऱ्यानें ती दिवसभर खिशांतच ठेवली. मामा सोमवारीं येऊन, वाट पाहून, रुष्ट होऊन परगांवीं निघून गेले होते. ते पुन्हां आले असावेत असें समजून मुलगाही मुकाट्यानें निघाला. फाटकाशीं कोणी नव्हतें. तो एकटाच घरीं गेला, तों घरास कुलूप. आईबाप दोघेंही कामावर. संध्याकाळपर्यंत तो पायरीवर उन्हांत बसून राहिला आणि रात्रीं तापानें फणफणला. त्याची आई दुसऱ्या दिवशीं शाळेंत आली तेव्हां आम्हांस मान वर करवेना. चिठ्ठींतील एकही शब्द खोटा नव्हता. मजकूर शिळा झाला होता, आणि शिळेपणा ओळखण्याची खूण, म्हणजे तारीख, तिच्यावर नव्हती. ती विचारण्याचेंही आम्हांस सुचलें नाहीं.

हीच चूक यंत्राच्या हातून होऊं नये म्हणून शहाण्या लोकांनीं जी युक्ति योजिली, ती आतां पाहूं.

संगणकास एरवीं कामाची आज्ञा क्रमवार द्यावी लागते: आधीं हें कर, मग तें कर. ज्यास इंग्रजींत ‘रूल एंजिन’ म्हणतात आणि आम्ही येथें ‘नियमयंत्र’ म्हणूं, त्याची रीति निराळी. त्यास ‘अमुक असेल तर तमुक करावें’ असे सुटे सुटे नियम द्यावयाचे. नियम शेंकडों असोत कीं हजारों, कोणता केव्हां लागू पडतो हें यंत्र आपण होऊन पाहतें. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत 1970 नंतरच्या दशकांत ‘मायसिन’ नांवाची अशी एक रचना तयार झाली. रक्तांतील जंतुदोष ओळखून औषध कोणतें द्यावें, याविषयींचे कित्येक शें नियम तिच्यांत घातलेले होते. बँका, विमा कंपन्या, कारखाने यांतून आज असलीं यंत्रें सर्रास काम करतात.

नियमयंत्रापाशीं एक पाटी असते असें समजा. जाणते लोक तिला कार्यस्मृति म्हणतात. बाहेरून येणारी माहिती या पाटीवर मांडली जाते आणि नियम तिच्याशीं ताडून पाहिले जातात. प्रत्येक नवी ओळ आली कीं सगळे नियम सगळ्या ओळींशीं पहिल्यापासून ताडावयाचे म्हटलें तर यंत्र दमून जाईल. यावर कार्नेगी मेलन विद्यापीठांतील चार्ल्स फोर्गी यांनीं एक तोड काढली. 1979 सालच्या त्यांच्या प्रबंधांत आणि 1982 सालच्या लेखांत ती सविस्तर आलेली आहे. तिचें नांव ‘रेटे’. हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ जाळें. जो नियम अर्धा जुळला आहे त्याचा तो अर्धा जुळलेला भाग यंत्र जपून ठेवतें, आणि उरलेला अर्धा येतांच दोहोंची सांगड घालतें. गणितांतील हातचा जसा आपण बाजूस लिहून ठेवतों, तसाच हा प्रकार. यानें वेळ वांचतो. परंतु पाटीवरच्या ओळींच्या जोडीला हे हातचेही सांभाळावे लागतात, ही गोष्ट पुढें उपयोगी पडणार आहे.

आतां पाटीवर येणाऱ्या माहितीचे दोन प्रकार ओळखले पाहिजेत. ‘अमुक खातें अमक्या गृहस्थाच्या नांवें आहे’ ही एक वस्तुस्थिति झाली. ती बदलूं शकते, आणि बदलली कीं कोणीतरी येऊन जुनी ओळ पुसतो व नवी लिहितो. ‘त्या खात्यांतून सकाळीं 11 वाजतां पैसे काढले’ ही मात्र घटना झाली. ती बदलत नाहीं. जें घडलें तें उद्यांही घडलेलेंच असणार, शंभर वर्षांनींही घडलेलेंच असणार. येथेंच सारी मेख आहे. वस्तुस्थिति खोटी ठरतांच पुसली जाते. घटना कधींच खोटी ठरत नाहीं, म्हणून ती पुसावयास कोणी येत नाहीं. ती फक्त निरुपयोगी होते, आणि निरुपयोगी झाल्याचें ती आपल्या तोंडानें सांगत नाहीं.

न पुसल्यानें बिघडतें काय, असें कोणी विचारील. त्याचा हिशेब करून पाहूं. एकाद्या मोठ्या बँकेंत दर सेकंदास 1,000 घटना येतात असें धरूं. दिवसाचे सेकंद 86,400; म्हणजे एका दिवसांत 8,64,00,000 घटना. संगणकांतील जागा बाइट या मापानें मोजतात. प्रत्येक घटनेस 500 बाइट जागा लागते असें मानल्यास एका दिवसांत 43 गिगाबाइटांहून अधिक जागा भरेल, दुसऱ्या दिवशीं तेवढीच आणखी, आणि अर्ध्या जुळलेल्या नियमांचे हातचे वेगळेच. कितीही मोठी पाटी घेतली तरी ती एके दिवशीं भरणार आणि यंत्र बंद पडणार. तत्पूर्वींच तें मंद होत जाईल, कारण प्रत्येक नवी घटना साऱ्या जुन्या घटनांशीं ताडावी लागेल. उलट, प्रत्येक घटना 10 मिनिटांनीं पुसली तर पाटीवर केव्हांही 6,00,000 घटनांच राहतील, आणि त्यांस 30 कोटी बाइट, म्हणजे सुमारें 300 मेगाबाइट, जागा पुरेल. एवढी जागा आज साध्या संगणकांतही सहज मिळते.

मग सगळेंच लौकर पुसून टाकावें, हें बरें नव्हे काय ? नव्हे. समजा नियम असा आहे: ‘एकाद्या कार्डावर पुण्यांत पैसे काढले गेले आणि त्यानंतर 10 मिनिटांचे आंत त्याच कार्डावर नागपुरांत काढले गेले, तर कार्ड थांबवावें.’ दहा मिनिटांत कोणीही मनुष्य पुण्याहून नागपुरास पोंचूं शकत नाहीं; तेव्हां दोहोंपैकीं एक जण चोर असला पाहिजे. पुण्याची घटना 11 वाजतां घडली, नागपूरची 11 वाजून 7 मिनिटांनीं. परंतु यंत्र चालविणाऱ्यानें काटकसर म्हणून घटना 5 मिनिटांनीं पुसण्याचा हुकूम देऊन ठेविला आहे. नागपूरची घटना येते तेव्हां पुण्याची ओळ पाटीवर नसते. नियम बरोबर, घटना खरी, यंत्र धडधाकट. तरी चोर पैसे घेऊन जातो, आणि कोणाच्या तरी घरचा महिन्याचा पगार बुडतो. यंत्रास याचा पत्ताही लागत नाहीं, कारण जें विसरलें गेलें तें विसरलें गेलें हेंही त्याच्या स्मरणांत नसतें. पाटी भरून यंत्र बंद पडलें तर निदान दहा माणसें धांवत येतात. ही दुसरी चूक मूकपणें घडते, म्हणून ती अधिक वाईट.

तर मग घटना किती वेळ ठेवावी ? घटना महत्त्वाची असेल तर पुष्कळ वेळ ठेवावी, असें उत्तर आपणांस सहज सुचतें. पण तें बरोबर नाहीं. त्या घटनेची विचारपूस करणारा शेवटचा नियम केव्हांपर्यंत येऊं शकतो, एवढाच प्रश्न खरा. मुदत घटनेच्या मोठेपणावरून ठरत नाहीं, ती नियमांवरून ठरते. आणि नियम यंत्रास अगोदरच ठाऊक असल्यामुळें हा हिशेब यंत्र आपला आपण करूं शकतें.

याचें उदाहरण म्हणून ‘ड्रूल्स’ या प्रसिद्ध नियमयंत्राकडे पाहूं. बॉब मॅकव्हर्टर यांनीं 2001 मध्यें त्याचा आरंभ केला, आणि तें कोणासही विनामूल्य वापरतां येतें. 2009 सालीं निघालेल्या त्याच्या पांचव्या आवृत्तींत घटनांचा विचार करणारा ‘फ्यूजन’ नांवाचा भाग आला. जेम्स ॲलन या विद्वानानें 1983 सालीं दोन कालखंडांचे परस्परांशीं 13 प्रकारचे संबंध असूं शकतात असें दाखविलें होतें: एक दुसऱ्याच्या आधीं, एक दुसऱ्याच्या पोटांत, दोहोंचा आरंभ एकदम, इत्यादि. हे तेराही संबंध या यंत्राच्या नियमांत लिहितां येतात, आणि त्यांवरूनच यंत्र घटनांची मुदत काढतें.

तें कसें काढतें पाहा. नियम असा: ‘खातेदाराचा परवलीचा शब्द बदलला गेला, त्यानंतर 10 मिनिटांचे आंत खात्यास नवा अनोळखी मनुष्य जोडला गेला, त्यानंतर 5 मिनिटांचे आंत त्या मनुष्यास मोठी रक्कम पाठविली गेली, तर रक्कम अडवून ठेवावी.’ येथें तिसरी घटना आली कीं तिचा तेथल्या तेथें निकाल लागतो. या नियमापुरती ती ठेवण्याचें कारण नाहीं. दुसरी घटना तिसरीची वाट पाहणार, म्हणून 5 मिनिटें. पहिली घटना मात्र केवळ 10 मिनिटें ठेवून भागणार नाहीं. दुसरी घटना दहाव्या मिनिटास येऊन तिसरी त्यापुढें पांचव्या मिनिटास येऊं शकते, म्हणून पहिलीची मुदत 15 मिनिटें. आमच्या विद्यार्थ्यांनीं ही बेरीज स्वतः करून पाहावी. शिवाय याच पहिल्या घटनेकडे दुसरा एकादा नियम तासभर मागें वळून पाहात असेल, तर तिची मुदत 1 तास होते. अनेक नियमांपैकीं ज्याची गरज सर्वांत लांब, त्याचें ऐकावयाचें.

ही सोय चांगली खरी, पण तिच्या तीन उणीवा ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत.

पहिली अशी कीं, नियम लिहिणाऱ्यानें ‘त्यानंतर’ एवढेंच लिहिलें आणि ‘किती वेळाच्या आंत’ हें लिहिलें नाहीं, तर मुदत अनंत होते. यंत्र बिचारें आज्ञाधारक. तें ती घटना कायमची धरून बसतें. एका शब्दाच्या आळसानें पाटी भरत जाते.

दुसरी अशी. कित्येक नियम ‘शेवटच्या 10 मिनिटांतील घटना’ किंवा ‘शेवटच्या 10 घटना’ यांवर चालतात. यास सरकती खिडकी म्हणतात. वेळेच्या खिडकीवरून यंत्रास मुदत काढतां येते. संख्येच्या खिडकीवरून मात्र काढतां येत नाहीं, कारण दहा घटना दहा सेकंदांत येतील कीं दहा महिन्यांत, हें कोण सांगणार ? अकरावी घटना आली कीं पहिली घटना खिडकीबाहेर जाते, पण पाटीवरून जात नाहीं. दुसऱ्या कोणत्याही नियमानें वा स्पष्ट आज्ञेनें तिची मुदत ठरविलेली नसेल तर ती तशीच पडून राहते. खिडकींतून दिसेनासें झालें म्हणजे अंगण झाडलें गेलें असें नव्हे.

तिसरी अशी कीं, हें यंत्र दोन रीतींनीं चालवितां येतें. एका रीतींत येणाऱ्या घटनांचा तें ओघ समजतें: पुढची मागची ओळखतें, ‘आतां’ म्हणजे काय हें जाणतें. दुसऱ्या रीतींत सगळ्या घटना ढगांतील कणांप्रमाणें एकदम समोर असतात. त्यांत ‘आतां’ असें कांहीं नसतेंच. जेथें ‘आतां’ नाहीं तेथें मुदत संपणार कशी ? म्हणून त्या रीतींत घटना आपोआप पुसल्या जात नाहींत. त्या हातानें पुसाव्या लागतात.

स्पष्ट आज्ञेनेंही मुदत ठरवितां येते हें वर आलेंच आहे. घटनेच्या वर्णनांतच ‘हिची मुदत 1 तास’ असें लिहून ठेवितां येतें. परंतु अशी आज्ञा दिली कीं यंत्रानें स्वतः काढलेला हिशेब सामान्यतः बाजूस पडतो आणि मालकाचा शब्द चालतो. पुण्या-नागपूरच्या उदाहरणांत नेमकें हेंच झालें. यंत्र 10 मिनिटें म्हणत होतें; मालकानें 5 म्हटलें. म्हणून आज्ञा देणाऱ्यानें सर्व नियम वाचूनच मुदत लिहावी, आणि पुढें कोणी नवा नियम घातला तर जुनी मुदत पुन्हां तपासावी.

आणखी एक चमत्कारिक प्रकार आहे. कांहीं नियम घटना न घडल्याबद्दल असतात. ‘इमारतींत आग लागल्याची खूण मिळाली, आणि 10 सेकंदांत छतावरील पाण्याचे फवारे सुरू झाले नाहींत, तर धोक्याची घंटा वाजवावी.’ घडलेली गोष्ट एका क्षणांत कळते. न घडलेली गोष्ट कळण्यास मात्र पूर्ण मुदत जावी लागते. आगीची खूण मिळतांच यंत्रानें घंटा वाजविली तर फवारे सुरू होण्यास त्यानें अवसरच दिला नाहीं. आणि आगीची ओळ आठव्या सेकंदास पुसली तर घंटा कधींच वाजणार नाहीं. येथें मुदत हा केवळ जागेचा प्रश्न राहात नाहीं. माणसांच्या जिवाचा प्रश्न होतो.

शेवटीं घड्याळाचा प्रश्न उरतो. मुदत मोजावयाची ती कोणत्या क्षणापासून ? घटना घडली त्या क्षणापासून, कीं ती यंत्रापाशीं पोंचली त्या क्षणापासून ? वेगळें कांहीं सांगितलें नाहीं तर ड्रूल्स घटना पाटीवर आल्याची वेळ हीच तिची वेळ धरतें. तारा तुटल्या, वाटेंत खोळंबा झाला आणि 11 वाजतांची घटना 12 वाजतां पोंचली, तर यंत्र तिला ताजी समजेल. वाचकहो, सोमवारची चिठ्ठी मंगळवारीं ताजी समजणाऱ्या शिक्षकाची ही यंत्रांतील प्रतिमाच नव्हे काय ? यावर उपाय असा कीं, घटनेनें आपली वेळ स्वतःबरोबर आणावी, आणि यंत्रास तीच वेळ धरण्यास सांगावें. तशी सोय त्यांत आहे. तसेंच, मुदती बरोबर चालतात कीं नाहीं हें तपासण्यासाठीं त्यांत एक खोटें घड्याळही आहे. त्याचे कांटे परीक्षकानें हातानें पुढें सरकवावयाचे. 15 मिनिटांची मुदत पाहण्यास 15 मिनिटें बसून राहावें लागत नाहीं. एका क्षणांत नऊ मिनिटें, चौदा मिनिटें, सोळा मिनिटें पुढें जाऊन ओळ केव्हां पुसली गेली हें पाहतां येतें.

येथें पालकांच्या मनांत एक शंका येईल. बँकेचें यंत्र आमचे व्यवहार दहा मिनिटांत विसरतें, तर मग आमच्या पैशाचा पुरावा काय ? शंका रास्त आहे, पण भीतीचें कारण नाहीं. पाटी निराळी आणि वही निराळी. व्यवहाराची नोंद बँकेच्या खतावणींत वेगळी असते आणि ती वर्षानुवर्षें राहते. विसरतें तें नियम चालविणारें यंत्र, आणि तेंही फक्त आपल्या पाटीपुरतें. पाटी पुसली म्हणून वही फाडली असें होत नाहीं; आणि वहींत सर्व आहे म्हणून पाटी कधीं पुसूं नये असेंही होत नाहीं.

त्या मंगळवारानंतर आमच्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक चिठ्ठीसंबंधानें आम्ही तीन प्रश्न विचारूं लागलों: ही लिहिली केव्हां ? ही कोणत्या कामासाठीं आहे ? त्या कामाची वेळ केव्हां संपते ? वेळ संपलेली चिठ्ठी संध्याकाळीं टेबलावरून उचलून फायलींत जाते. नियमयंत्रें बांधणाऱ्यांचे ग्रंथ पुढें आमच्या वाचण्यांत आले, तेव्हां त्यांचे प्रश्नही हेच आहेत हें पाहून आम्हांस मोठी मौज वाटली, आणि थोडें वाईटही वाटलें. कारण हे प्रश्न आम्हांस एका लहान मुलाच्या तापानें शिकविले होते.

तो मुलगा आतां मोठा झाला आहे, आणि भेटला म्हणजे त्या दिवसाची आठवण हंसत हंसत काढतो. त्याचें हंसणें उदारपणाचें आहे. आमच्या विद्यार्थ्यांस आणि त्यांच्या आईबापांस आमची विनंति एवढीच कीं, शाळेकडे चिठ्ठी पाठवितांना तिच्यावर दिवस आणि वेळ लिहावयास विसरूं नये.